उघड्यावरच्या जलवाहिनीचे संरक्षण : बेळगाव तालुक्यातील एका बहुग्राम पाणी योजनेचे प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव तालुक्याचा पश्चिम पट्टा पावसाचा आहे. जून ते सप्टेंबर भाताची खाचरे तुडुंब असतात, आणि तरीही मार्च उजाडला की विहिरी तळ गाठतात व घागरींच्या रांगा लागतात, हे तिथले जुने दुखणे आहे. मार्कंडेय नदीवरचा राकसकोप जलाशय बेळगाव शहराला पाणी देतो. पुढे ही नदी गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. तिच्याच खोऱ्यातील काही गावांसाठी उभारलेल्या एका बहुग्राम पाणीपुरवठा योजनेचे हे प्रकरण आहे. गावांची, व्यक्तींची आणि संबंधित खात्याची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत.

नदीकाठच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीचे पाणी उचलण्यासाठी बांधलेल्या विहिरीतून, कच्चे पाणी पंपाने टेकडीवरील शुद्धीकरण केंद्रात चढवायचे आणि तिथल्या मोठ्या टाकीतून शुद्ध पाणी उताराने गावोगावच्या टाक्यांत सोडायचे, अशी या योजनेची साधी रचना आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशननंतर या गावांत घरोघरी नळ आले, दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठरले, आणि पूर्वी फक्त सार्वजनिक नळकोंडाळ्यांपुरती असलेली वाहिनी बरीच लांबली. ती बहुतेक ठिकाणी जमिनीखाली असली तरी काही भाग पुरता येत नाहीत. चढाच्या प्रत्येक माथ्यावर एअर व्हॉल्व्ह आणि सखल जागी वाहिनी धुऊन काढण्यासाठी वॉशआऊट व्हॉल्व्ह बसवावाच लागतो. ओढ्यावरून वाहिनी न्यायची तर खांबांवर लोखंडी पाइप टाकावा लागतो, आणि टाकी व पंप हाऊस तर उघड्यावर असणारच. शिवारात, वस्तीपासून दूर, कोणाच्याही नजरेत नसलेली हीच ठिकाणे या प्रकरणाचा विषय आहेत.

एअर व्हॉल्व्हचे काम नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे निर्णय समजणार नाहीत, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. वाहिनी भरताना आतली हवा माथ्यावर साचते. ती बाहेर सोडणे हे त्याचे एक काम. पाणी बंद केल्यावर वाहिनी उताराने रिकामी होऊ लागते तेव्हा बाहेरची हवा आत घेऊन पोकळी टाळणे हे दुसरे. म्हणजे हे यंत्र दोन्ही बाजूंनी श्वास घेते. त्याचा आतला गोळा मोडला, तो दगड किंवा काठी घालून अडकवला, किंवा त्याच्या चौकोनात, म्हणजे त्याच्याभोवती विटांनी बांधलेल्या खड्ड्यात, सांडपाणी साचू दिले, तर पुरवठा बंद होताच तेच घाण पाणी वाहिनीत ओढले जाते आणि दुसऱ्या दिवशी लोकांच्या घागरीत येते.

समस्या

नेमके असेच घडले. एका उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाच्या पावसानंतर वाहिनीच्या टोकाकडील गावात गढूळ पाणी आले. नळाच्या पाण्यात क्लोरीनचा अंश किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर असायला हवा, तो तपासणीत आढळलाच नाही, आणि आशा कार्यकर्तीकडे जुलाबाच्या तक्रारी आल्या. शुद्धीकरण केंद्रात सर्व ठीक होते. वाहिनीच्या कडेने चालत गेल्यावर माथ्यावरच्या एका चौकोनाचे झाकण गायब, एअर व्हॉल्व्हचा वरचा भाग ठोकून काढलेला आणि चौकोनात गुरांच्या खुरांनी कालवलेला चिखल असे दृश्य दिसले.

त्यानंतर संपूर्ण वाहिनीची पाहणी झाली तेव्हा नासधूस एका प्रकारची नाही, हे पुढे आले. गवताळ माळावरचे एअर व्हॉल्व्ह म्हशी व शेळ्यामेंढ्यांना पाणी पाजण्यासाठी उचकटले जात होते. नदीजवळच्या कच्च्या पाण्याच्या वाहिनीवरील व्हॉल्व्हमधून विटभट्ट्यांसाठी रात्री पाणी काढले जात होते; भाताची कापणी झाल्यावर या भागात भट्ट्या लागतात आणि माती कालवण्यासाठी त्यांना मे महिन्यापर्यंत पाणी हवे असते. एका ओढ्यातील वॉशआऊट व्हॉल्व्हचे चाक फिरवून खालच्या भाजीच्या वाफ्यांना पाणी दिले जात होते. बिडाची झाकणे आणि पंप हाऊसजवळची केबल भंगारासाठी गेली होती. ओढ्यावरच्या पाइपवरून तर पावसाळ्यात माणसे सर्रास ये-जा करत, त्यांत शाळेची मुलेही होती. आणि टेकडीवरच्या टाकीच्या शिडीने तरुण मुले संध्याकाळी वर चढून बसत.

गळतीचा आकार लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून पहिल्या बैठकीत फळ्यावर एक हिशेब मांडला गेला. वीस मीटर उंचीच्या पाण्याचा दाब असलेल्या ठिकाणी केवळ २५ मिलिमीटर व्यासाचे भोक पडले तर तासाला सुमारे २१ हजार लिटर पाणी वाया जाते. दरडोई ५५ लिटरच्या हिशेबाने हे साधारण ३८० माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. रात्रभर उघडा राहिलेला एक व्हॉल्व्ह एका मोठ्या गावाचा वाटा पिऊन टाकतो.

या सगळ्यावर तोवर झालेला एकमेव उपाय वॉटरमनने, म्हणजे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने, आपल्या बुद्धीने केला होता, आणि त्याने अडचण वाढवली होती. ज्या एअर व्हॉल्व्हना सतत उपद्रव होई, त्यांच्या खालचे छोटे बंद-व्हॉल्व्ह त्याने आवळून टाकले होते. चोरी थांबली, पण माथ्यावर हवा अडकू लागली, वाहिनीतील पाण्याचा मार्ग आक्रसला आणि शेवटच्या दोन गावांत पाण्याचा दाब कमी झाला. टोकाच्या गावाला वाटत होते की वरची गावे पाणी अडवत आहेत, आणि वरच्या गावांना वाटत होते की खालची मंडळी उगाच तक्रार करतात. या माणसाला दोष देणे मला योग्य वाटत नाही. व्हॉल्व्ह कसा चालतो हे त्याला कोणी कधी सांगितलेच नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला सूर कठोर कारवाईचा होता, आणि कायद्याचा आधारही भक्कम होता. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीस प्रतिबंध करणाऱ्या १९८४ च्या कायद्यात पाणीपुरवठ्याच्या साधनांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि अशा नुकसानीसाठी सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. पाणीपुरवठ्यात घट होईल असे कृत्य जुन्या दंडसंहितेतही गुन्हा होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. प्रश्न असा होता की तक्रार कोणाविरुद्ध करायची. म्हशी पाजणारा गुराखी, केबल कापणारा चोर आणि पाइपवरून शाळेत जाणारी मुलगी यांना एकाच तक्रारीत बसवले असते तर गावांनी सहकार्याचा हात काढून घेतला असता, आणि शिवारातल्या वाहिनीला गावाच्या डोळ्यांखेरीज दुसरा पहारा नसतो.

दुसरा पर्याय सगळे बंदिस्त करण्याचा होता: प्रत्येक चौकोन काँक्रीटने भरून टाकायचा किंवा जाड पत्रा वेल्डिंग करून बसवायचा. ठेकेदाराला तो सोपा होता आणि खर्चाच्या अंदाजपत्रकात तो स्वस्तही दिसत होता. पण हवा न खेळणारा एअर व्हॉल्व्ह नसल्यासारखाच असतो, आणि दुरुस्तीसाठी दर वेळी काँक्रीट फोडावे लागले तर दुरुस्ती होतच नाही. वॉटरमनने आवळलेल्या व्हॉल्व्हचा ताजा अनुभव समोर असल्यामुळे हा पर्याय लवकर मागे पडला, हे चांगले झाले.

सीसीटीव्ही बसवण्याची सूचना सदस्यांना फार आवडली होती. शिवारात वीज नाही, काही ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, आणि कॅमेराच चोरीची वस्तू ठरतो. म्हणून वीजजोडणी असलेल्या पंप हाऊसपुरता तो ठेवावा असे ठरले. रात्रीच्या पगारी पहारेकऱ्यांचा विचार पैशांअभावी सोडावा लागला. पाणीपट्टीची वसुली जेमतेम वीजबिल भागेल इतकी असताना नवे पगार कुठून देणार?

सर्वांत जास्त वेळ ओढ्यावरच्या पाइपने घेतला. अशा पाइपच्या दोन्ही टोकांना काटेरी लोखंडी पंखा बसवून वाट अडवण्याची सर्वत्र पद्धत आहे, आणि तसे पंखे मागवण्याची तयारीही झाली होती. ग्रामसभेत स्त्रीशक्ती संघ या बचत गटाच्या महिलांनी यावर थेट हरकत घेतली. ओढ्याला पाणी आले की पलीकडच्या वस्तीला शाळा आणि दूधसंस्था गाठायला हाच एक मार्ग राहतो, दुसरी वाट मोठ्या वळणाची आहे. पंखा लावला तर मुले पंख्याला धरून, बाहेरून वळसा घालून, खाली भरलेला ओढा असताना पलीकडे जातील, असे त्यांचे म्हणणे होते. ते शंभर टक्के खरे होते. अडथळा बसवल्याने गरज नाहीशी होत नाही, फक्त धोका वाढतो, आणि असा अपघात झाला असता तर योजनेची बाजू मांडायला कोणीही उभे राहिले नसते.

हा या प्रकरणातला कळीचा क्षण होता असे मला वाटते. तोवर चर्चा वस्तू कशी वाचवायची याभोवती फिरत होती. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी कोण येतो, कशासाठी येतो आणि त्याला ते दुसरीकडे मिळू शकते का, हे आधी विचारले जाऊ लागले.

केलेली कार्यवाही

ओढ्यावर पाइपच्या शेजारी, पाइपच्या खांबांचा आधार न घेता, पंचायतीच्या निधीतून लहान साकव बांधण्यात आला. पाइपच्या खांबांवरच फळ्या टाकण्याचा स्वस्त मार्ग सुचवला गेला होता. पण पुरात वाहून येणारी झाडेझुडपे फळ्यांना अडकून सगळा ताण पाइपवर आला असता, म्हणून अभियंत्याने त्याला नकार दिला आणि तो नकार टिकवला. साकव वापरात आल्यावरच पाइपला काटेरी पंखे लावले गेले. हा क्रम महत्त्वाचा ठरला, कारण पंखे लावताना कोणीही विरोधाला आले नाही.

माळावरील एअर व्हॉल्व्हसाठी दोन गोष्टी एकत्र केल्या गेल्या. गुरांची नेहमीची वाट जिथून जाते तिथे शुद्ध पाण्याच्या वाहिनीवरून बारीक जोडणी घेऊन, तरंगत्या गोळ्याने आपोआप बंद होणारे हौद बांधले. शुद्ध केलेले पाणी जनावरांना का द्यायचे, असा आक्षेप आला. त्यावर पुन्हा हिशेब मांडला गेला: उन्हाळ्यात एका म्हशीला दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी धरले तरी शंभर म्हशींना पाच-सहा हजार लिटर लागतात, आणि उचकटलेल्या व्हॉल्व्हमधून तेवढे पाणी पंधरा-सतरा मिनिटांतच वाहून जाते. यानंतर आक्षेप उरला नाही.

चौकोनांची बांधणी बदलली. विटांच्या जागी काँक्रीटची कडी आली, बिडाच्या झाकणाऐवजी भंगारात किंमत नसलेले, दोन भागांत उचलता येणारे काँक्रीटचे झाकण आले. त्यातून पुराच्या पातळीच्या वर येणारी, तोंड खाली वळवलेली आणि जाळी लावलेली नळी काढली, जेणेकरून व्हॉल्व्हला हवा मिळेल पण कोणाला आत काठी घालता येणार नाही. तळाला खडी आणि पाणी निघून जाण्यासाठी वाट ठेवली. शेवटची गोष्ट नकाशात क्षुल्लक दिसते, पण गढूळ पाण्याचे मूळ तिथेच होते. वॉटरमनने आवळलेले सर्व व्हॉल्व्ह त्याच्याच हातून उघडले गेले आणि टोकाच्या गावातला दाब काही दिवसांत सुधारला. वरच्या आणि टोकाच्या गावांतील जुनी कुरबुर त्यामुळे बरीच निवळली.

वॉशआऊट व्हॉल्व्हची चाके काढून घेतली आणि ते फक्त लांब टी-चावीनेच फिरतील असे केले. चाव्या किती, कोणाकडे आणि कधी दिल्या याची नोंदवही पंचायत कार्यालयात ठेवली. कुलपांची दुसरी चावी प्रत्येक गावात एकेका जबाबदार व्यक्तीकडे दिली, कारण फुटलेली वाहिनी मध्यरात्री बंद करायची असताना चावी बेळगावात असून उपयोग नाही. टाकीच्या शिडीचा खालचा, माणसाच्या उंचीहून जास्त भाग काढता येण्याजोगा करून कुलूपबंद खोलीत ठेवला, आणि टाकीच्या हवेच्या झरोक्यांना जाळ्या बसवल्या.

सूचनाफलक आधी फक्त मजकुराचे करायचे ठरले होते. मेंढपाळ दूरवरून येतात आणि सर्वांनाच वाचता येते असे नाही, म्हणून वर मोठे चित्र आणि खाली कन्नड व मराठी मजकूर असे फलक लावले. गळती दिसल्यास कोणाला फोन करायचा, हा क्रमांक धमकीच्या ओळीपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिला गेला.

केबल चोरीची मात्र पोलिसांत रीतसर तक्रार दिली गेली. तिथे गरजेचा प्रश्न नव्हता. विटभट्टीवाल्यांना आधी पंचायतीने लेखी समज दिली. त्यांनी मोजून कच्चे पाणी विकत देण्याची मागणी केली. ऐन एप्रिलमध्ये ती आल्यामुळे ग्रामसभेने ती फेटाळली. एका भट्टीवरून पुन्हा पाणी काढल्याचे दिसल्यावर १९८४ च्या कायद्याखाली तक्रार करण्यात आली.

परिणाम

पुढच्या उन्हाळ्यात माळावरील व्हॉल्व्हची मोडतोड जवळजवळ थांबली. गढूळ पाण्याची तक्रार पुन्हा आली नाही. साकवाचा उपयोग इतका झाला की पलीकडच्या वस्तीने त्याची डागडुजी स्वतःहून अंगावर घेतली आणि पाइपवर कोणी चढताना दिसले तर तीच मंडळी हटकू लागली. पगारी पहारेकरी नेमूनही असा पहारा मिळाला नसता.

सगळीकडे असे झाले नाही. एका हौदाचा तरंगता गोळा तुटला, तो कोणी बदलायचा हे ठरलेले नव्हते, आणि हौद ओसंडून आजूबाजूला दलदल झाली. अखेर त्याची जोडणी बंद करावी लागली आणि जवळच्या व्हॉल्व्हला पुन्हा उपद्रव सुरू झाला. दुसरा हौद एका गावच्या हद्दीत आला म्हणून शेजारच्या गावाने रुसवा धरला. टाकीवर बसणारी मुले शिडी गेल्यावर पंप हाऊसच्या गच्चीवर जाऊ लागली. तिथे वीज आणि उच्च दाबाची उपकरणे असल्याने हे पहिल्यापेक्षा वाईट होते आणि तिथला कॅमेरा दाराकडे रोखलेला असल्याने ते उशिरा कळले. विटभट्टीची तक्रार पोलिसांत असली तरी भट्टीवाल्यांनी टँकरची सोय केली ती हंगाम संपत आल्यावर.

वेगळे काय करता आले असते

भट्ट्यांशी बोलणी एप्रिलमध्ये करण्याऐवजी कापणी संपताच, डिसेंबरपूर्वी व्हायला हवी होती. त्या वेळी नदीला पाणी असते, लोकांच्या मनात टंचाईची धास्ती नसते, आणि हंगामापुरते, मोजलेले, फेब्रुवारीअखेर बंद होणारे कच्चे पाणी योग्य दराने देण्याचा प्रस्ताव ग्रामसभेत शांतपणे तपासता आला असता. त्यातून वीजबिलाला हातभारही लागला असता. उन्हाळ्यात ग्रामसभेने दिलेला नकार मला योग्य वाटतो. विचारण्याची वेळ चुकली होती.

हौदांच्या बाबतीत बांधकामाबरोबरच देखभालीचा ठराव व्हायला हवा होता: सुटे गोळे कोणाकडे ठेवायचे, बिघाड किती दिवसांत दुरुस्त करायचा, खर्च कोणत्या शीर्षकाखाली टाकायचा. जागा निवडताना गुराख्यांना सोबत नेले होते, पण गावांच्या हद्दींचा नकाशा पाहिला गेला नाही. दोन्ही पंचायतींची संयुक्त पाहणी एका सकाळचे काम होते आणि त्याने रुसवा टळला असता.

टाकीवर बसणाऱ्या मुलांशी कोणीच बोलले नाही, याची मला सर्वांत जास्त रुखरुख वाटते. गुराखी, महिला, भट्टीवाले, सर्वांची बाजू ऐकली गेली. मुलांना मात्र फक्त उपद्रव समजले गेले. गावात संध्याकाळी बसायला उजेडाची जागा नव्हती आणि युवक मंडळाने तिची मागणी पूर्वीच केली होती. वाहिनीच्या पुढच्या टप्प्याचे अंदाजपत्रक आता तयार होत आहे. त्यात ओढ्यावरील साकव आणि जनावरांचे हौद ही मुख्य कामाचीच बाब म्हणून, पाइप आणि व्हॉल्व्हच्या रांगेत, पहिल्या दिवसापासून धरली जावीत असा आग्रह पंचायतींनी लेखी कळवला आहे, आणि पंप हाऊसच्या गच्चीचा जिना बंद करण्याआधी युवक मंडळाला बैठकीस बोलावण्याचे ठरले आहे.